हेमांगीताईंचा दुसरा विश्वस्त

रवींद्र खरे अर्धांगवायूने पडले, तेव्हा उपचारासाठी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी काढावी लागली. खरे निवृत्त मुख्याध्यापक, अविवाहित. बँकेत ठेवी भरपूर. पण सही करणारा हात लुळा आणि वाचा गेलेली. मृत्युपत्र होतं, नॉमिनीही होता. दोन्हींचा उपयोग माणूस गेल्यावर. खरे तर जिवंत होते.

त्यांच्या वरच्या मजल्यावर हेमांगी वैशंपायन एकट्या राहतात. डोंबिवलीतून रोज वागळे इस्टेटमधल्या कंपनीत हिशेबाचं काम करायला जातात. त्यांनी वर्गणी पाठवली आणि दुसऱ्या दिवसापासून जाग आली की आधी उजव्या हाताची बोटं हलवून बघायला लागल्या.

वकील नीरजा देशमुखांनी उपाय सांगितला. हयातीतच ट्रस्ट करायचा, ठेवी त्यात घालायच्या, खर्च स्वतःवरच. धड असेपर्यंत विश्वस्त स्वतः. दोन डॉक्टरांनी असमर्थ ठरवलं की दुसरा विश्वस्त कारभार बघेल.

दुसरा कोण, इथे गाडी अडली.

ठाण्याचा भाऊ सौमित्र हसला. “ट्रस्ट देवळाचा असतो गं. तू काय देवस्थान आहेस? मी आहे ना!” मग बिस्किट बुडवत म्हणाला, “तशी वेळ आलीच तर उगाच महागड्या हॉस्पिटलात पैसे घालायचे नाहीत. साधी बाई ठेवू घरी.”

तो सहज बोलला होता. हेमांगीताईंना चहा संपवता आला नाही.

त्यांनी क्षिप्राला विचारलं. ती सौमित्रची पूर्वीची सून. घटस्फोटानंतरही यांच्याकडे येत राहिलेली.

“मीच का, आत्या?”

“तू भांडतेस. डॉक्टरांशीही भांडशील.”

“बाबा मला उभं जाळतील.”

“मी सौमित्रला सांगितलंय. आठवडाभर फोन उचलत नाहीये.”

दस्त झाला, ठेवी ट्रस्टच्या नावावर गेल्या. आता निवांत झोप लागेल, असं नीरजाबाई म्हणाल्या. पण ‘असमर्थ’ हा शब्द हेमांगीताईंच्या डोक्यात बसला. आपण असमर्थ होतोय असं दिसलं की डॉक्टरांना क्षिप्रा बोलावणार, हे त्यांनी स्वतःच दस्तात लिहून दिलं होतं.

रविवारी क्षिप्राचा फोन आला. “आत्या, भाजी काय आज?”

विळीसमोर लांब, पांढरट भाजी पडलेली. नाव आठवेना.

“भेंडी,” त्या पटकन म्हणाल्या.

पडवळ हा शब्द आठवला तेव्हा भाजी शिजून गेली होती. क्षिप्राला सांगावं, असं मनात आलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि पुन्हा ओट्यावर ठेवला.