टोपीखालची जागा

एवारिस्तचा संशयी स्वभाव साऱ्या रिव्हिएर न्वार बंदराला ठाऊक होता. हवामान सांगणाऱ्या रेडिओवर त्याचा विश्वास नव्हता, बर्फवाल्याच्या काट्यावर नव्हता, आणि बायकोने कालवणात मिरची कमी घातली तर ती कोणाच्या सांगण्यावरून, इथून त्याची चौकशी सुरू व्हायची. "लग्नात मी हो म्हटलं, ते तरी खरं मानलंस का रे?" असं लिझमे विचारायची. "दोनदा वदवून घेतलं होतं," तो म्हणायचा. आणि ते खरंच होतं. पाद्रीबाबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

चौतीस वर्षं तो मार्लिन या मोठ्या माशाच्या शिकारीची बोट चालवत होता, आणि या धंद्यात संशय हा काही दुर्गुण नव्हे. गिऱ्हाईकं परदेशातून येतात, खुर्चीत बसून गळाला लागलेल्या माशाशी झुंजतात, फोटो काढतात आणि जातात. मासा कुठे लागतो ती जागा मात्र कप्तानाची, आणि ती कोणी कोणाला सांगत नाही. वायरलेसवर सगळे कप्तान एकमेकांशी सराईतपणे खोटं बोलतात. एखादा चुकून खरं बोललाच, तर त्याच्यापासून जास्त सावध राहतात.

एवारिस्तची जागा समुद्रात बरीच आत, तळ पायरीसारखा एकदम खाली जातो तिथे होती. चुनभट्टीचं जुनं धुराडं मागच्या डोंगराच्या खाचेत नेमकं बसलं, की समजायचं आलो. मालकाने बोटीवर जागा दाखवणारं यंत्र बसवलं, तेव्हा एवारिस्तने त्यात एकदाच लाल फुली मारली. पुढे एका गिऱ्हाइकाने त्या पडद्याचा फोटो काढायचा प्रयत्न केला, आणि त्याच दिवशी पडद्यावर एवारिस्तची टोपी चढली. तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. तो स्वतःही कधी ती उचलून बघत नसे. ज्याला डोंगर वाचता येत नाही त्याने यंत्र बघावं, असं त्याचं मत होतं.

त्या जानेवारीत मात्र एकोणीस दिवस झाले तरी मार्लिन लागेना. मासा लागला की बांबूवर निळं निशाण चढवून बंदरात शिरायचं, ही तिथली रीत. एवारिस्तचा बांबू रोज उघडाच परत यायचा आणि धक्क्यावरचे लोक मुद्दाम दुसरीकडे बघायचे. शेवटी मालकाने सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत वाट बघतो, एवारिस्त. नाहीतर एक तारखेपासून बोट केर्सली चालवेल. त्याला परवाना मिळालाच आहे."

केर्सली म्हणजे तेरा वर्षं त्याच बोटीवर गळ आणि दोर सांभाळणारा माणूस. चाळिशीचा, अबोल, एवारिस्तला तोंतों, म्हणजे काका, म्हणणारा. चौतीस वर्षं धरलेलं चाक त्याच्या हाती जाणार, हे कळल्यापासून एवारिस्त त्याच्यावर नजर ठेवू लागला. मग त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. हल्ली रोज आपण जागेवर पोचतो तर तिथे त्या दुसऱ्या कप्तानाची, रॉनीची, बोट आधीच उभी असते. आणि नेमका तेव्हाच केर्सली मागून म्हणतो, "तोंतों, दक्षिणेला पक्षी आहेत. अर्धा मैल खाली घ्या ना." एवारिस्तला एक पक्षी दिसेल तर शपथ. म्हणजे आपण निघून जायचं आणि जागा रॉनीला मोकळी करून द्यायची! त्यात मंगळवारी चिन्याच्या दुकानापाशी रॉनी केर्सलीच्या कानाला लागलेला दिसला, आणि एवारिस्त जवळ जाताच दोघांची तोंडं बंद. पाणी कुठे मुरतंय ते त्याला कळून चुकलं.

"उद्या मुद्दाम अर्धा मैल खाली, खोट्या जागेवर नेतो," गुरुवारी संध्याकाळी त्याने लिझमेला सांगितलं. "परवा रॉनी तिथे दिसला, की चोर पकडला."

"आणि मासा?"

"एकोणीस दिवस नाही लागला. विसावा असाच गेला तर काय बिघडतं?"

लिझमे पालेभाजी निवडत होती. "काल तू कुंपणावरच्या माझ्या झग्याला बोंजूर केलंस," ती म्हणाली.

"सावध माणूस सगळ्यांना बोंजूर करतो."

शुक्रवारी डर्बनहून आलेली एक दातांची डॉक्टरीण गिऱ्हाईक होती. एवारिस्त नेहमीच्या जागी पोचला. रॉनीची बोट होतीच. त्याने चाक फिरवलं आणि अर्धा मैल खाली जाऊन वेग कमी केला. मग मागे वळून केर्सलीकडे रोखून पाहिलं. तो आपला दोर सोडत होता.

"काय रे, आज पक्षी नाहीत वाटतं?"

"आज गरज नाही, तोंतों."

हे उत्तर एवारिस्तला भयंकर झोंबलं. गरज नाही म्हणजे काय? याला डाव कळला की काय? त्याच घोळात तो असताना, साडेदहाच्या सुमारास, मागचं रीळ किंचाळायला लागलं.

पुढचा सव्वा तास कोणालाच संशय घ्यायला सवड नव्हती. खुर्चीत बसलेल्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात गळाच्या काठीला लागला, तर तो मासा त्याचा मानत नाहीत. त्यामुळे बाई एकटीच खेचत होती, केर्सली नुसती खुर्ची फिरवत होता आणि एवारिस्त बोट मागे घेत होता. रिळाचा आवाज ऐकूनच तो मासा कुठे वळला ते ओळखायचा. अखेर दोनशे किलोंचा निळाशार मार्लिन बोटीला लागला. केर्सलीने त्याच्या पाठीत खुणेची पट्टी टोचली आणि सोडून दिला.

"कप्तान, फोटो!" बाई म्हणाली. उन्हात बोडका उभा असलेला म्हातारा तिला बरा दिसेना. तिने पडद्यावरची टोपी उचलली आणि कौतुकाने त्याच्या डोक्यावर ठेवली.

एवारिस्तने झडप घालून पडदा झाकला, पण त्याआधी त्याची नजर आत गेली होती. त्याने हळूच हात काढला आणि काचेला नाक लागेल इतका वाकला. बोटीची खूण बरोबर लाल फुलीवर उभी होती.

मग डोंगराकडे तोंड करून त्याने विचारलं, "केर्सली, खाचेत काय दिसतं?"

"धुराडं. अगदी मधोमध."

"आणि त्याच्या उत्तरेला, ते पांढरं?"

"नव्या हॉटेलची पाण्याची टाकी. गेल्या महिन्यात बांधली. तुम्ही रोज तीच खाचेत बसवत होता, तोंतों. रॉनी वैतागलाय. मंगळवारी मला विचारत होता, तुझा म्हातारा रोज माझ्या जागेवर का येऊन बसतो म्हणून."

एवढं ऐकूनही एवारिस्तच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा: "पण आपली जागा तुला कोणी सांगितली?"

"तेरा वर्षं मी दोरांकडे बघत, मागे तोंड करून उभा असतो. तुम्ही पडदा झाकलात. डोंगर कुठे झाकलात?"

एवारिस्त खाली बसला. त्याला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण आता तो मुद्दाम त्या धुराड्याकडे बघत होता आणि त्याला तिथे नुसता पांढुरका डाग दिसत होता.

"मालकाला सांगितलं असतंस तर चाक तुला मिळालं असतं."

"आणि तुम्हाला पुन्हा कधी मिळालं असतं का?" केर्सलीने विचारलं, आणि तो निशाण शोधायला लागला.

बांबूवर निळं निशाण फडकवत बोट धक्क्याला लागली. मालक हात पसरून पुढे आला. "कुठे लागला, एवारिस्त?"

चौतीस वर्षांत या प्रश्नाला त्याने एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं. "चुकून लागला," तो म्हणाला. "मी भलत्याच जागी चाललो होतो. मला धुराडं दिसत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन करून येईपर्यंत बोट केर्सली चालवेल."

मालक खो खो हसला. धक्का हसला, बाजूच्या बोटीवरून रॉनीही हसला. "जागा लपवायला माणूस काय काय सांगेल!" मालक डोळे पुसत म्हणाला.

एवारिस्तने डोक्यावरची टोपी काढली आणि केर्सलीच्या डोक्यावर ठेवली. यंत्राचा पडदा उघडाच राहिला. तेव्हा हसणं थांबलं.

धक्क्यावर उतरायच्या फळीवर पाय ठेवण्याआधी तो जरा अडखळला. मग त्याने हात पुढे केला. कोणीतरी तो धरला, आणि कोणी ते एवारिस्तने विचारलं नाही.