सुखदेवरावांनी नापास केलेली जीप

विश्रांतवाडीत जुनी गाडी घ्यायची तर आधी सुखदेवरावांना दाखवायची, असा आमच्या कॉलनीचा अलिखित नियम होता. मुहूर्त काढणारे गुरुजी परवडले, ते निदान दोन-तीन तारखा पुढे करतात. सुखदेवराव गाडीभोवती तासभर फिरत आणि शेवटी 'घ्या' किंवा 'राहू द्या' एवढंच म्हणत. का, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. एजंट लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत, कारण त्यांनी 'राहू द्या' म्हटलेली गाडी पंचक्रोशीत कुणी फुकटसुद्धा घेत नसे.

माझी सगळी नोकरी वाहन खात्यात गेली. तीस वर्षं चासीवरचे, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचे नंबर कागदावर पेन्सिल घासून उतरवले. त्यामुळे गाड्यांतलं आपल्यालाही कळतं असा माझा समज होता आणि निवृत्तीनंतरही तो मी जपून ठेवला होता. सुखदेवराव मला पुष्कळदा बरोबर नेत. मला वाटे, माझ्या ज्ञानासाठी नेतात. पुढे कळलं की कागदपत्रं वाचायला आणि बडबड्या मालकाला गुंतवून ठेवायला त्यांना कुणीतरी लागत असे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आठची वेळ दिली असेल तर सातलाच मालकाच्या दारात हजर. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. ते गरम लागलं तर चहासुद्धा न घेता परत, कारण गरम इंजिन खोटं बोलतं, असं ते म्हणत. गार गाडी पहिल्या चावीला कशी उठते यावर निम्मा निकाल लागे. मग स्वतःचं पोतं अंथरून गाडीखाली जायचं. मीटर चाळीस हजार दाखवत असलं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असलं, तर मालकाकडे एकदा नुसतं बघायचं. त्या बघण्याने भलेभले खरा आकडा सांगून मोकळे होत.

हे सगळं ते ट्रकच्या कारखान्यात शिकले. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ऐन तारुण्यात पुण्याला आले आणि पंचवीस वर्षं त्यांनी तयार गाडीची शेवटची तपासणी केली. त्यांची सही झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. पुढे नवी यंत्रं आली, त्यांच्यामागून स्वेच्छानिवृत्ती आली. तिच्यात स्वेच्छा किती होती ते ज्याचं त्याला ठाऊक. पण त्याच सुमाराला शहराला गाड्यांचं वेड लागलं. येरवड्यात तुरुंगाखेरीज दुसरीकडेही माणसं दिवसदिवसभर आत बसू लागली, तीही राजीखुशीने, काचेच्या इमारतींत. ती पोरं दर तीन वर्षांनी गाडी बदलत आणि त्यांच्या जुन्या गाड्या आमच्यासारख्यांपर्यंत येत. सुखदेवरावांना उसंत राहिली नाही. स्वतः मात्र ते सायकलवरच फिरत.

त्यांची एकुलती एक मुलगी उत्कर्षा अशाच एका काचेच्या इमारतीत कामाला होती. तिथल्या मैत्रिणींबरोबर ती खडकवासल्याला शिडाची नाव चालवायला शिकली आणि दोन हजार पाचच्या मार्चमध्ये तिने एक वापरलेली नाव चक्क विकत घेतली. दोन माणसं बसतील एवढी, पांढरी, फायबरची. कॉलनीत हसाहशी झाली. पुण्यात नाव घेणं म्हणजे कोकणात उंट पाळण्यासारखं आहे, असं मीच म्हणालो होतो. पण तिला ती नाव ट्रॉलीवर चढवून पानशेतला, मुळशीला आणि डिसेंबरात मुंबईच्या शर्यतीला न्यायची होती. त्यासाठी ओढणारी गाडी हवी, तीही जुनी आणि परवडेल अशी. गाडी नावेपेक्षा तिप्पट किमतीची पडणार होती. नाकापेक्षा मोती जड, असं मी म्हणालो. उत्कर्षा हसून म्हणाली की नाक माझं आहे, काका.

तिने काम अर्थातच वडिलांना सांगितलं.  तिसऱ्या दिवशी सुखदेवराव मला घेऊन खडकवासल्याला गेले. नावेचं एक टोक त्यांनी हाताने उचलून पाहिलं आणि ही कुठलीही गाडी ओढेल म्हणाले. मग काठावरून खाली पाहत बराच वेळ उभे राहिले. कालवे सुटले होते, पाणी रोज मागे हटत होतं, आणि नावा पाण्यात सोडायच्या, तिथल्या नौका क्लबच्या सिमेंटच्या उताराच्या पुढे आता दोनशे पावलं नुसता गाळ होता. त्यांनी मला समजावलं की लोक इथेच फसतात. दिवाळीत धरण भरलेलं असताना गाडी पसंत करतात, आणि उन्हाळ्यात तीच गाडी नावेसकट गाळात रुतून बसते, क्लच जळतो. प्रश्न ओढून न्यायचा नाही, ओल्या चढावरून वर यायचा आहे. म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी जीपच हवी. मी मनातल्या मनात टोपी काढली.

एप्रिलभर आम्ही तशा जीपगाड्या पाहत हिंडलो. पहिली खरोखरच भंगार होती. दुसरी मला बरी वाटली, पण ते 'राहू द्या' म्हणाले. तिसरीलाही तेच. उत्कर्षा धीराची मुलगी, तिने तक्रार केली नाही. पावसाळ्याआधी गाडी मिळाली नाही तर मग ऑक्टोबरशिवाय पाहायला नको, आणि शर्यतीची तयारी कधी करणार, एवढं मात्र तिने मला जिन्यात गाठून सांगितलं.

चौथी जीप कात्रजच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी होती. संपत नावाच्या एजंटने ती दाखवली. मालकीण दुर्गाबाई. तिचा नवरा त्या जीपमधून वरच्या वाड्यांचं दूध कात्रजच्या डेअरीत आणत असे. तो गेल्या दिवाळीत वारला. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि गाडी विकून दोन म्हशी घ्यायच्या होत्या. पत्र्याखाली जीप उभी होती, टायरांना ऊन लागू नये म्हणून गोणपाट गुंडाळलेलं.

बॉनेट गार होतं. जीप पहिल्या चावीला उठली. सुखदेवराव पोतं घेऊन खाली शिरले आणि एरवीपेक्षा दुप्पट वेळ खाली राहिले. दुर्गाबाई दाराशी पदर दाताखाली धरून उभी होती. ती मला म्हणाली, "दर रविवारी धुवायचे ते. आधी गाडी, मग सोताची आंघोळ. गाडी चांगली हाय, दादा." मी कागदपत्रं वाचू लागलो.

सुखदेवराव बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "राहू द्या. चासी वाकलीय."

संपतने खांदे उडवले. दुर्गाबाईला चासी म्हणजे काय ते कळलं नसावं, पण 'राहू द्या' कळलं. तिने तरीही आम्हाला ताक दिलं.

निघताना बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मी वाकून जीपखाली पाहिलं. तीस वर्षं मी दुसरं काय पाहिलं होतं? चासी फूटपट्टीने आखावी तशी सरळ होती. बसमध्ये सुखदेवराव खिडकीबाहेर पाहत राहिले. माणूस एकदा चुकू शकतो, असं मी स्वतःला समजावलं. पण शेवटच्या तपासणीत पंचवीस वर्षं घालवलेला माणूस अशी चूक करत नाही, हेही मला कळत होतं.

आठ दिवसांनी संपत मला भेटला. भलताच खुशीत होता. सुखदेवरावांनी नापास केलेली म्हणून ती जीप आता कुणी घेईना, तेव्हा दुर्गाबाईने ती त्याला निम्म्या किमतीत द्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी व्यवहार होता. मी तसाच सुखदेवरावांच्या घरी गेलो. ते एकटेच होते. संपतचा सौदा सांगितला आणि तडकून बोललो की त्या बाईची एक म्हैस तुम्ही खाल्लीत.

त्यांनी नाकारलं नाही. टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "गाडी उत्तम आहे. अशी पुन्हा मिळणार नाही. शिकताना क्लबवाले शेजारी असायचे; गाडी मिळाली तर पोरगी स्वतःची नाव घेऊन कुठल्याही पाण्यात जाईल. म्हणून बोललो."

मला हसू आलं. एवढंच होतं तर सरळ सांगायचं होतं. मी आपलं नेहमीच्या सवयीने बोलून गेलो की अहो, पाण्यात पडलं की पोहता येतं, सगळी पोरं गावच्या विहिरीत तशीच शिकतात, आम्हीही पाठीला भोपळा बांधून तसेच शिकलो.

"तुम्ही शिकलात," सुखदेवराव म्हणाले. "आम्हाला विहिरीत कोण उतरू देणार होतं, यज्ञेश्वरराव? माझी आई विहिरीपासून दहा पावलांवर घागर घेऊन उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. तुमच्यासारखी पोरं आत उड्या मारायची, त्यांचा आवाज यायचा. आमच्या घरात आजवर कुणालाही पोहता येत नाही. पाण्याचं मला काहीच कळत नाही. गाडीचं कळतं, म्हणून गाडीवर खोटं बोललो."

त्यांच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्या घरी मी वर्षानुवर्षं चहा प्यायलो होतो, तो फोटोही रोज पाहिला होता, आणि हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या विहिरीतल्या उड्या मी मात्र त्यांना निदान दहा वेळा रंगवून सांगितल्या होत्या. मला माझीच लाज वाटली. ती मी त्यांच्याजवळ तेव्हा बोलून दाखवली नाही, ती इथे सांगतो आहे.

मी उठलो तेव्हा ते एवढंच म्हणाले की त्यांनी सही करून खोटी गाडी कधी बाहेर सोडली नव्हती, पण खरी गाडी खोटी ठरवणं त्याहून वाईट झालं.

सोमवारी आम्ही तिघं कात्रजला गेलो. संपत आधीच येऊन खाटेवर बसला होता. कागद तयार होते, दुर्गाबाईचा अंगठा तेवढा उठायचा होता. सुखदेवराव चप्पल काढून अंगणात उभे राहिले आणि उत्कर्षाच्या देखत, संपतच्या देखत म्हणाले, "बाई, तुमची गाडी चांगली आहे. चासी सरळ आहे. मी खोटं बोललो."

संपतने मोठ्या आवाजात विचारलं की आता तुमच्या शब्दावर लोकांनी विश्वास कसा ठेवायचा. प्रश्न रास्त होता. सुखदेवरावांनी त्याला सांगितलं की नका ठेवू. पुढे खरोखरच काही लोकांनी ठेवला नाही, कारण संपतने ही गोष्ट चहाच्या टपरीटपरीवर पोचवली, आणि कुणी सुखदेवरावांना विचारलं तर ते हो म्हणत.

दुर्गाबाई जीपकडे गेली. बॉनेटवर हात फिरवला. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "आठ दिस मला वाटलं, ते मला फशिवत व्हते. वाकडी गाडी चालवत व्हते आन् बोलले न्हाईत." नवऱ्याबद्दल आठवडाभर असं वाटत राहणं किमतीत कसं धरायचं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. उत्कर्षाने तिने सांगितलेली पहिली किंमत पुरी दिली आणि बापाकडे न पाहता चावी घेतली.

परतताना जीप तीच चालवत होती. कात्रजचा चौक मागे पडल्यावर तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत, बाबा?" त्यांनी सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. तिला आईकडून थोडं माहीत होतं, एवढं नव्हतं. तिने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मागे हॉर्न वाजत राहिले.

मेच्या शेवटच्या रविवारी खडकवासल्याला नाव पाण्यात सोडायची ठरली. पाणी आणखी खाली गेलं होतं. जीप सुखदेवरावांनीच चालवायला घेतली. उलटी, हळूहळू, गाळावरून, ट्रॉली मागे ठेवून ते थेट पाण्यापर्यंत गेले. एक चाकसुद्धा घसरलं नाही. ट्रॉली बुडली तशी नाव तरंगली, पण तिला ट्रॉलीशी बांधणारा पट्टा अडकला. उत्कर्षाची मैत्रीण दोर धरून होती, ती स्वतः शिडात गुंतलेली. सुखदेवराव जीपमधून उतरले, पँट न दुमडता पाण्यात शिरले आणि पट्टा सोडवला. पाणी कमरेपर्यंत होतं.

शिडात वारा भरला. नाव आधी तिरकी झाली, मग सरळ झाली आणि लांब जाऊ लागली. उत्कर्षाने एकदा हात केला. सुखदेवरावांनीही केला.

नाव दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते. पाय गाळात रुतले असतील, पाणी गार असेल, वय झालं आहे, असलं काहीबाही मनात येऊन मी काठावरून हाक मारली की झालं ना काम, आता या वर.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही तळहात पाण्यावर पसरून ठेवले होते.

"थांबा जरा, यज्ञेश्वरराव," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा उतरलोय."