लाडू की उसळ

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या आधी मी आकुर्डीच्या शाळेत मास्तरीण होते. माहेर कोकणातलं, नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत कारकून. गावातल्या बायकांना मतदान समजावून सांगायचं काम वरून माझ्याकडे आलं.

दुपारी बायका शाळेच्या पडवीत जमल्या. पाटलीणबाई पुढे, बाकीच्या त्यांच्या मागे. मी लोकशाहीवर बोलले, हक्कावर बोलले, पडद्याआड जाऊन गुपचूप मत टाकण्यावर बोलले, पाठ केलेलं सगळं बोलले. बायका मान डोलवत होत्या. शेवटी विचारलं, "कळलं ना?"

"व्हय, कळलं की," एक म्हातारी म्हणाली. "पर त्या पडद्याआड कोण बसतंय?"

"कुणी नाही. नुसत्या पेट्या असतात, चित्रं लावलेल्या."

"मग पेटीत टाकल्यालं कुणाला तरी दिसतच आसंल!"

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, की कुणाला दिसत नाही. त्यांचा विश्वास बसेना. मला नवल वाटलं. मत म्हणजे काय, हे त्यांना केव्हाच उमगलं होतं. अडलं होतं ते त्या पडद्यापाशी.

दुसऱ्या खेपेला मी भाषण केलंच नाही. तुपाचे दोन रिकामे डबे घेतले, एकावर लाडवाचं चित्र चिकटवलं, दुसऱ्यावर उसळीच्या वाटीचं. डबे वर्गात ठेवले आणि दाराला माझं जुनं लुगडं बांधलं. म्हटलं, "येत्या हळदीकुंकवाला काय करायचं, ते आज ठरवू."

"त्यात काय ठरवायचं? लाडू," पाटलीणबाई म्हणाल्या.

"व्हय व्हय, लाडूच," सगळ्या म्हणाल्या.

तरी मी प्रत्येकीला एकेक कोरी चिठ्ठी दिली. एकेक जण आत जाऊन आली. म्हातारीला फार वेळ लागला. बाहेर येताना ती पदरात तोंड लपवून हसत होती.

डबे सगळ्यांसमोर उपडे केले. लाडवाच्या डब्यातून मोजक्याच चिठ्ठ्या पडल्या. उसळीच्या डब्यातून ढीग.

पाटलीणबाईंचा शब्द मागे पडला होता. मी जरा घाबरलेच.

"कुणी गं टाकल्या उसळीत?" पाटलीणबाईंनी वळून विचारलं. सगळ्यांचे चेहरे सारखेच कोरे. त्यांनी एकेकीकडे निरखून पाहिलं, चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. काही पत्ता लागेना. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तितं बी आसंच आसतंय?"

"अगदी असंच."

"आमच्या मालकांना बी कळायचं न्हाई?"

"नाही."

त्यांनी हातातली चिठ्ठी पुन्हा एकदा उलटी करून पाहिली. मग एकदम खो खो हसल्या, आणि सगळी पडवी हसायला लागली. "करा बाई उसळ!" त्या म्हणाल्या. मग प्रश्न थांबेनात. चिठ्ठी खाली पडली तर? चित्र ओळखू आलं नाही तर? दोन्हीकडे टाकावंसं वाटलं तर? दिवेलागण होईपर्यंत मी उत्तरं देत होते.

मतदानाच्या दिवशी बायका सकाळीच बैलगाड्यांतून केंद्रावर आल्या; मीही तिथे होते. पाटलीणबाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"झालं? येवढंच व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं. त्या थोडा वेळ दाराकडे बघत उभ्या राहिल्या, मग गालातल्या गालात हसत गाडीत जाऊन बसल्या.