झोळीतली फ्रेम

“आधी वजन, मग कौतुक.”

हे वाक्य सिस्टर कुठंही म्हणत. गल्लीत कुणाकडे बाळ झालं की नाक आईचं की आत्याचं यावर बायकांचा वाद चाले, तेव्हा त्या बाळाला उचलून हातातल्या हातात तोलायच्या. गणेश मंडळानं बोलावलेल्या पाहुण्यांची लांबलचक ओळख सुरू झाली की मागच्या खुर्चीवरून हेच वाक्य हळू आवाजात येई. माझं पुस्तक छापून आलं तेव्हा मी त्यांना एक प्रत दिली. त्यांनी ती उघडण्याआधी तळहातावर धरून पाहिली आणि म्हणाल्या, “बरं भरलंय.” आतलं वाचलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव मतदार यादीतच सापडतं. आमच्या सांगलीच्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. माहेर कडेगावकडचं, उसाचं. नवरा फौजेत होता, तो लवकर गेला. त्यांची नोकरी आरोग्यसेविकेची आणि तीही जवळजवळ सगळी जत तालुक्यात. लसींचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि वाड्यावस्त्या धरायच्या. लोक मेंढरं घेऊन दुसऱ्या माळावर गेले की सिस्टर त्या माळावर. कानडी त्यांना रागावण्यापुरतं येई आणि तेवढं पुरे.

निवृत्त होताना मोडीत निघालेला, बाळं तोलायचा लटकता काटा त्यांनी मागून घेतला. वर घड्याळासारखी तबकडी, खाली हुक आणि हुकाला कापडी झोळी. तो त्यांच्या पडवीत कडीला टांगलेला असे. त्यात भाजी तोलली जाई, आणि एकदा माझ्या घरचं मांजरही तोललं गेलं. मांजराचं कौतुक झालं नाही.

मुलगा पुण्यात. चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दर खेपेला तो आईला पुण्याला चल म्हणे आणि दर खेपेला त्या विषय बदलत. एकदा जेवताना तो हसत म्हणाला, “बरं, सायकल चालवतेस तोवर राहा इथं.” त्यानं सहज म्हटलं होतं. सिस्टरांनी तो करार म्हणून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगून साक्षीदारही करून ठेवले. मी त्यातला एक.

सायकल पोलादी, काळी, नोकरीइतकीच जुनी. कृष्णेच्या पुरात ती दोनदा बुडाली. दोन्ही वेळा त्यांनी ती चिखलातून काढली, पुसली, तेल पाजलं आणि रस्त्यावर आणली. पण फ्रेमच्या नळीच्या आत शिरलेलं पाणी कोण पुसणार? एका सकाळी हरिपूरच्या रस्त्यावर ती सीटखाली मोडली. आतून गंजून नळीचा कागद झाला होता. सिस्टर दोन्ही हातांवर पडल्या आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्लास्टर निघालं तेव्हा त्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर होतं. डॉक्टरांनी मनगटावर भार घेऊ नका म्हणून सांगितलं. सायकलचं नाव त्यांनी काढलं नाही, पण काढायची गरजही नव्हती.

मुलगा येऊन गेला. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. पुण्याच्या घरातली एक खोली रिकामी केली आहे आणि दिवाळीला न्यायला येतो, एवढंच तो म्हणाला.

तो गेल्यावर सिस्टर माझ्या दारात आल्या. “सर, न गंजणारी सायकल कशाची करत्यात?”

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. तरी शेजारधर्म म्हणून मोबाईलवर शोधलं आणि टायटॅनियम असं उत्तर दिलं. हा धातू विमानात वापरतात वगैरे सांगू लागलो, तोवर त्यांनी मला थांबवलं. मोडलेल्या हाडाला बसवतात तीच का पट्टी, असं विचारलं. मी होय म्हणालो.

“मग झालं. हाडात टिकती ती पाण्यात टिकंल.”

धातू असा उंबऱ्यावर ठरला. फ्रेम ठरायला पावसाळा गेला.

आमच्या शहरात पहाटे सायकल चालवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्याच्या अध्यक्षांच्या जर्सीवर पाठीमागे ठळक अक्षरांत ‘अध्यक्ष’ असं छापलेलं आहे, म्हणजे मागून येणाऱ्यांना कळावं. ते बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे असतात, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. पण माणूस मदतीला तत्पर. सिस्टरांना सायकल घ्यायची आहे हे कळताच ते दोन फ्रेम घेऊन गल्लीत हजर झाले. एक त्यांची स्वतःची कार्बनची, दुसरी टायटॅनियमची, परदेशी, मित्राकडून दाखवायला आणलेली. कार्बनची फ्रेम त्यांनी करंगळीवर उचलून दाखवली. सिस्टरांनी ती करंगळीवरून काढून घेतली आणि झोळीत घातली. काटा जेमतेम हलला.

“ही तर लाल रेघेखाली हाय.”

बाळांच्या वाढीच्या तक्त्यावर लाल रेघ असते. जे बाळ तिच्याखाली जाईल त्याच्यासाठी त्यांनी उन्हातान्हात माळ तुडवले होते. अध्यक्षांनी समजावलं, की सायकलमध्ये उलटं असतं, वजन जितकं कमी तितका मान मोठा. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग टायटॅनियमची फ्रेम झोळीत घातली. ती जास्त भरली आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. हे शास्त्र चुकीचं आहे, चढावर जास्तीचं वजन आपल्यालाच ओढावं लागतं, असं मीही सांगून पाहिलं. ते त्यांना मान्य होतं. “पर बाळसं धरलंय का न्हाई?” त्या म्हणाल्या. बरोबर धातू चुकीच्या कारणानं निवडता येतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला वर्गात कधी सापडलं नव्हतं.

ती परदेशी फ्रेम मात्र देखणी होती, हे कबूल केलं पाहिजे. रंग नाही, नुसता धातू, ढगाळ दिवसासारखा. जोड इतके सारखे की बोट फिरवत राहावंसं वाटे. अध्यक्षांनी तिलाच चाकं, हँडल चढवून सायकल जुळवून दिली आणि सिस्टर हरिपूरपर्यंत जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा डोळे चमकत होते. मी चहा पुढे केला. त्यांनी कप उजव्या हातात घेतला, बशीत परत ठेवला आणि डाव्या हातानं उचलला. सगळा चहा संपेपर्यंत त्या त्या फ्रेमकडे बघत होत्या.

“ही न्हाई. सगळा भार मनगटावर येतोय,” त्या म्हणाल्या.

अध्यक्ष म्हणाले, सवय होईल. हँडल खाली असलं की वारा कमी लागतो, सगळे मोठे सायकलपटू असेच वाकून बसतात. सिस्टरांनी विचारलं, त्या सायकलपटूंना दिवाळीत कोण न्यायला येतंय का. अध्यक्षांना प्रश्न कळला नाही. मला कळला.

कुपवाडला एक तरुण कारखानदार रसायन कंपन्यांसाठी टायटॅनियमच्या टाक्या आणि नळ्या जोडतो. स्वतः सायकल चालवतो, म्हणून हौसेनं त्यानं दोन-चार फ्रेमही बनवल्या होत्या. मी सिस्टरांना घेऊन गेलो. त्याच्याकडे माप घ्यायचा एक सांगाडा होता. सीट, पेडल, हँडल, सगळं वरखाली सरकणारं. गिऱ्हाईकानं त्यावर बसायचं, त्यानं माप टिपायचं आणि दहा मिनिटांत निघायचं, अशी त्याची पद्धत. सिस्टर बसल्या त्या उठल्याच नाहीत. बोटं बधिर व्हायला वेळ लागतो, हे त्यांना हरिपूरच्या रस्त्यानं शिकवलं होतं. त्या सांगाड्यावर पेडल मारत राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या कामगारांना पोराचा डोस झाला का विचारत राहिल्या. पाळी सुटली, दुचाक्या निघाल्या, दुसऱ्या पाळीची माणसं आली, तरी सिस्टर कारखान्याच्या मधोमध बसलेल्याच.

मधूनमधून खिशातून ज्वारीचे दाणे काढायच्या, तळहातावर घ्यायच्या आणि अंगठ्यानं नि बोटानं एकेक दाणा उचलून बघायच्या. दाणा सुटला की म्हणायच्या, “हँडल वर घे.” मग पुन्हा पेडल.

असं आम्ही आठवड्यातून एकदा जात राहिलो. हँडल बोटाबोटानं वर चढत गेलं. शेवटी कारखानदार कळवळला. बाई, एवढी उंच मान केली तर फ्रेम दिसायला बरी दिसणार नाही, माझं नाव लागणार आहे तिच्यावर, असं तो म्हणाला.

“तिला बघायचं तुमी. मला रस्ता बघायचाय.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मात्र हळू आवाजात. आज दाणा उचलला जातो त्याहून एक बोट जास्तच उंच कर. पुढच्या पाच वर्षांत पाठ काय सरळ व्हायची नाही.  त्या तरुणानं खडूनं नळीवर केलेली खूण पुसली आणि वर केली.

दसऱ्याला फ्रेम आली. गल्लीनं तिला झेंडूची माळ घातली. ग्रुपमधल्या एकानं ही सायकल आहे की टांगा, असं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, टांगाच, बस मागं, तुझंबी वजन करू. मग तिची चाकं, साखळी, ब्रेक चढले आणि सकाळच्या सकाळी त्या दिसेनाशा होऊ लागल्या.

दिवाळीत मुलगा आला, गाडीची मागची जागा रिकामी ठेवून. सायकल बघून हरखला, आणि हे सगळं ठीक आहे पण हाताचं काय, असं त्यानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, जतच्या बाजूला जाते, तू गाडीनं मागनं ये आणि तूच बघ. मला त्यांनी गाडीत बसवलं. करार झाला तेव्हाचा साक्षीदार म्हणून.

मिरज मागे पडलं, ऊस कमी होत गेला, मग द्राक्षांचे मांडव, मग नुसतं ज्वारीचं रान. पाण्याचे टँकर आमच्या शेजारून जात होते. सिस्टर पुढे, ताठ बसलेल्या, एका लयीत. मुलगा रस्त्याकडे कमी आणि आईच्या उजव्या हाताकडे जास्त बघत होता. मध्येच तो हात हँडलवरून सुटायचा, हवेत झटकला जायचा आणि परत हँडलवर जायचा.

“बघितलंत सर? झटकतेय.”

मी बघितलं होतं.  चढ सुरू झाला तसं झटकणं वाढलं. माथ्यावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, म्हणून त्या थांबल्या. मुलगा घाईनं उतरला. पुरे झालं आई, सायकल गाडीवर टाकू, असं म्हणत त्यानं हँडल धरलं. त्याच्या सदऱ्याच्या बाहीचं बटण उघडं होतं. सिस्टरांनी त्याचं मनगट धरलं, बाही सरळ केली, आणि उजव्या हाताच्या त्याच दोन बोटांनी बटण काजात घालायला लागल्या. पहिल्यांदा सुटलं. मुलगा हात मागे घेणार होता, त्यांनी घेऊ दिला नाही. दुसऱ्यांदा बसलं.

“बरं न्हाई झालेलं,” त्या म्हणाल्या. “झटकावं लागतंय. पर झटकलं की येतंय जाग्यावर. झेपतंय तोवर झटकीन.”

मेंढरं संपली होती. मुलगा बटणाकडे बघत उभा होता. सिस्टरांनी त्याला गाडी पुढे घ्यायला सांगितली, मागून घरघर आली की चालवण्यात मन लागत नाही म्हणाल्या. तो गाडीत बसला, आणि खरोखरच पुढे गेला. जतपर्यंत त्यानं आरशात एकदाच पाहिलं, किंवा मला एकदाच दिसलं.

दिवाळी संपली आणि तो एकटा पुण्याला गेला. त्या रिकाम्या खोलीत आता त्याच्या मुलीचा अभ्यास चालतो म्हणे.

हल्ली सिस्टर मला फारशा भेटत नाहीत. मी सकाळी फिरून येतो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप असतं, आणि कधीकधी संध्याकाळीही. कुठं जातात ते सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी त्या वाड्यांची नावं नकाशात सापडत नाहीत. मुलाचा फोन मात्र मला येतो. आई फोन उचलत नाही, म्हणतो, सगळं ठीक आहे ना? मी खिडकीतून कुलपाकडे बघतो.

“दोन्ही हात गुंतलेत त्यांचे,” मी सांगतो.