कागदाचा फुल टॉवर

कुआंगहुआ बाजारात आ-तेंगला विचारल्याशिवाय गेमिंगचा संगणक जुळवायचा नाही, असं तैपेईतली पोरं मानायची. त्याचं पूर्ण नाव चुआंग वेन-तेंग, पण त्या नावाने त्याला फक्त टपालवाला हाक मारायचा. जिन्याखालचं चिंचोळं दुकान, खोक्यांच्या ढिगात बसलेला हा, आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत याची मान नकारार्थी हलायला लागलेली.

"हे ग्राफिक्स कार्ड या कॅबिनेटमध्ये? अरे बाळा, म्हशीला खुराड्यात बांधतोस होय? फुल टॉवर घे. कमरेइतका उंच असतो, आत हवा खेळते. आणि कार्ड दुसऱ्या नंबरचं घे. पहिल्या नंबरचं नुसतं मिरवायला."

कुणी फारच घाई केली, की याचं वाक्य ठरलेलं. "थांब जरा. पुढचं मॉडेल येतंय." या धंद्यात पुढचं मॉडेल कायमच येत असतं, त्यामुळे ते वाक्य कधी खोटं पडलं नाही.

गिऱ्हाइकांना त्याने कधी फसवलं नाही, हे बाजारातला कुणीही छातीठोकपणे सांगेल. घरी काय केलं, ते मात्र ऐका.

त्याला एकुलता एक मुलगा, को-हान. बापाच्या दुकानात छतापर्यंत माल, आणि पोराच्या टेबलावर काय? गिऱ्हाइकाने परत केलेलं, कोपरा चेपलेलं कॅबिनेट, त्याला एका बाजूचं झाकणच नाही. कुणीतरी बदलून टाकलेला मदरबोर्ड. कार्ड तापायचं म्हणून उघड्या बाजूला टेबलफॅन लावलेला, आणि उकडतंय म्हणून आईने फॅन स्वयंपाकघरात नेला की खेळ मध्येच बंद. मित्र येऊन हसून गेले, तेव्हापासून त्याने मित्रांना घरी आणणंच सोडलं. नेट-कॅफेत जाऊन बसायला लागला. तिथूनही आ-तेंगने त्याला चारचौघांत कान धरून बाहेर काढला. "घरात संगणक असताना भाड्याने खेळतोस? लाज नाही वाटत?"

पोराने उभ्या आयुष्यात बापाकडे एकच हट्ट धरला. "बाबा, एक फुल टॉवर आपण दोघांनी बसून जुळवू या. एकेक भाग मी निवडतो, तुम्ही चुका काढा." शाळा संपली तेव्हा म्हणाला, सैन्यातली सक्तीची नोकरी करून आला तेव्हाही म्हणाला. आ-तेंगचं उत्तर तेच. "थांब जरा. पुढचं मॉडेल येतंय." पोटच्या पोराला गिऱ्हाइकाचं वाक्य ऐकवलं मेल्याने!

बरं, हातच आखडता होता म्हणावं, तर तसंही नाही. धाकट्या भावाचा मुलगा यी-लुन नावाजलेल्या विद्यापीठात लागला, तेव्हा याच आ-तेंगने त्याला असा फुल टॉवर बांधून दिला, की बघायला दुकानापुढे माणसं जमली. पहिल्या नंबरचं कार्ड, काचेचं दार, प्रोसेसर पाण्यावर थंड होणारा. का, तर पोराने घराण्याचं नाव काढलं. आणि ते धूड जिने चढवून यी-लुनच्या खोलीत नेऊन ठेवलं कुणी? को-हानने. घाम पुसत त्याने चुलतभावाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "मजा कर." घरी येऊन जेवला नाही.

त्यानंतर त्याने बापाकडे काही मागितलं नाही. एका गोदामात नोकरी धरली. बापाने काही पुढे केलं, अगदी पावसात छत्री का असेना, की म्हणायचा, "नको. उरलेलीच असेल." आणि भिजत जायचा.

सव्विसाव्या वर्षी तो स्कूटरवरून कामाला जाताना ट्रकखाली गेला.

शेवटच्या विधीला आम्ही गेलेल्या माणसासाठी कागदाचं घर जाळतो, कागदाची गाडी जाळतो. इथे जाळलं की तिकडे पोचतं. आ-तेंगची बायको सू-चिन एवढंच म्हणाली, "घर नको. त्याला काय हवं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे." आ-तेंगने दुकान बंद ठेवलं आणि देवळामागे कागदकाम करणाऱ्या लियाव मास्तरांकडे गेला.

मास्तरांनी तयार पुठ्ठ्याचा लॅपटॉप पुढे केला.

"हा नको. फुल टॉवर पाहिजे, आतल्या सगळ्या भागांसकट."

"आतलं कुणाला दिसणार आहे?"

"त्याला दिसेल. तो उघडून बघेल."

"अहो, मागे एकाला मी विमान करून दिलं," मास्तर म्हणाले. "आत इंजिन नव्हतं. अजून तरी तक्रार आलेली नाही."

आ-तेंगला हसू आलं नाही. त्याने जमिनीवर बसकण मारली आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखायला घेतलं. मदरबोर्ड इथे, रॅम इथे, पंखे पुढून हवा घेणार आणि मागून सोडणार. मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. मग कात्री उचलून विचारलं, "कार्ड कसलं करू?"

"दुसऱ्या नंबरचं. तेच शहाणपणाचं."

तोंडातून सवयीने निघून गेलं, आणि स्वतःच्याच बोलण्याने तो गारठला. अरे, कागदाला कागद! पहिल्या नंबरचं कापायला कात्रीला काय जड जाणार होतं?

"पहिल्या नंबरचं!" तो ओरडला. "पहिल्या नंबरचं करा. आणि पॉवर सप्लाय मोठा करा, सगळ्यात मोठा!"

"करतो की, ओरडता कशाला? दाराच्या काचेसाठी पारदर्शक कागद तेवढा संपलाय. जरा थांबलात तर नवा माल येतोय..."

"थांबायचं नाही!" म्हणाला आणि आ-तेंग हमसून हमसून रडायला लागला. मास्तर उठले. फळीवर विकायला ठेवलेल्या कागदी बंगल्याची खिडकी त्यांनी फाडली आणि तो कागद याच्या हातात दिला.

आ-तेंग तिथे रोज जाऊन बसला. एकेक भाग त्याने स्वतः निवडला, स्वतः चिकटवला, वायरींसाठी रंगीत दोरे ओवले. इतका मन लावून त्याने यी-लुनचासुद्धा बांधला नव्हता.

विधीच्या दिवशी तो कमरेइतका टॉवर अंगणात उभा राहिला, आणि नातेवाइकांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. पण आमच्यात आईबाप मुलाला काही वाहत नाहीत. मोठ्यांच्या आधी जायचं पाप त्याच्या माथी, त्यात मोठ्यांनी पुढे हात जोडले तर त्याचं ओझं आणखी वाढतं. धाकट्याने द्यायचं, मोठ्यांनी मागे पाठ फिरवून उभं राहायचं. को-हानला ना बायको, ना पोर. मग पुढे झाला यी-लुन.

आधी मेलेल्याला विचारावं लागतं. दोन नाणी टाकायची. एक उलटं, एक सुलटं पडलं तर तो हो म्हणाला. दोन्ही सारखी पडली तर नाही.

"को-हान दादा," यी-लुन म्हणाला, "काकांनी तुझ्यासाठी फुल टॉवर पाठवलाय. घेतोस ना?"

नाणी सारखी पडली. परत टाकली. परत सारखी.

"काहीतरी अडलंय त्याचं," विधी सांगणारे गुरुजी म्हणाले. "काय राहिलंय बघा."

पाठमोरा आ-तेंग बोटांवर भाग मोजायला लागला. काय राहिलं? कूलर केला, कीबोर्ड केला, स्क्रीन केला. "यी-लुन, त्याला सांग, कार्ड पहिल्या नंबरचं आहे. सांग त्याला, सगळं नवीन आहे. एकही भाग उरलेल्या मालातला नाही, काकांनी शपथ घेतलीय म्हणून सांग!"

यी-लुनने सगळं सांगितलं. नाणी टाकली. सारखीच.

मग सू-चिनचा आवाज आला. त्या आवाजात राग नव्हता, निव्वळ थकवा होता. "त्यांचं नाव काढू नकोस, बाळा. आईने दुकानातून विकत आणलंय म्हणून सांग."

यी-लुन घुटमळला. मग हळूच म्हणाला, "दादा, काकूने विकत आणलंय. घेतोस?"

एक उलटं, एक सुलटं.

"घेतलं, घेतलं!" बायकांनी सुस्कारा सोडला. गुरुजींनी काडी ओढली. पुठ्ठा पेटल्याचा आवाज पाठमोऱ्या आ-तेंगने ऐकला.

लोक जेवायला बसले तेव्हा धाकटा भाऊ त्याच्यापाशी आला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तेंगदादा, मनाला लावून घेऊ नकोस रे. नाणी आहेत ती. कशीही पडतात."

"असं म्हणू नकोस," आ-तेंग म्हणाला. "कशीही पडतात म्हटलं, तर त्याने घेतलं हेही खोटंच झालं की."