दुसऱ्याच्या चुलीवरचे दिंड

लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या आजोबांनी ती पाळली होती. ताई जन्मली तेव्हा कुठे ते आईच्या घरी पहिल्यांदा पाणी प्यायले. ही गोष्ट आईनं आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की ती तोंड उघडायच्या आत आम्हीच पुढचं म्हणायचो. गोष्ट संपली की ती ताईच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "हिच्यामुळं माझा बाप माझ्या घरी जेवला."

मला असल्या रीतींचा मनस्वी राग. पोरीला तळहातावर वाढवायची, आणि लग्न झालं की तिच्या घरी तोंडाला कुलूप! पण आईपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. वडील गेल्यापासून तर ती रीतभात जास्तच घट्ट धरून बसली होती.

ताईला बघायला म्हणून आई आणि मी नांदेडहून हैदराबादला गेलो तेव्हा मी कॉलेजात होते. दाजी मूळचे पुण्याचे, एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागले होते. त्या दिवसांत नवनव्या कंपन्या उघडत होत्या, आणि चिक्कडपल्लीच्या त्यांच्या दोन खोल्यांत दर वेळी काहीतरी नवीन आलेलं असायचं. कधी फ्रिज, कधी रंगीत टीव्ही. आईनं मात्र येताना धपाट्यांचं गाठोडं आणि पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या आणला होता. सिकंदराबाद स्टेशनवर दाजी तो तांब्या घ्यायला पुढे झाले, तर तिनं दिला नाही.

आई अंघोळीला गेली तेव्हा ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे आधीचे गर्भ पडलेले आम्हाला माहीत होते. या खेपेचं तिनं कळवलंच नव्हतं. तेही राहिलं नाही, आणि आता होणं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. ताई रडली नाही. तिनं ओट्यावर काय काय मांडून ठेवलं होतं, शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण, आईला आवडतं तसं ताकातलं पिठलं. "आईला सांगू नको. पण एकदा, एकदाच तिनं माझ्या हातचं खावं, एवढं कर गं," म्हणाली. मी काय करणार, कपाळ!

मी आईशी भांडून पाहिलं. ती हसली फक्त. "बाळ होऊ दे, मग महिनाभर हलणार नाही इथून. खाऊन खाऊन हिचा डबा रिकामा करते का नाही बघ." ताई भिंतीकडे तोंड करून भांडी विसळत राहिली. मला आईचा तेव्हा इतका राग आला की मी जिन्यात जाऊन बसले.

धपाटे संपले. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या इडल्या, तांब्याही तिथंच भरायचा. आबिड्सला साड्या घ्यायला गेलो तेव्हा तिथेच डोसा. मी आईला डिवचलं, "बिल तर दाजीच देतात. मग रीत कुठं राहिली?" ती म्हणाली, "चूल त्यांची नाही ना? झालं तर मग."

दाजींना बढती मिळाली होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते आम्हाला एका बड्या पंचतारांकित हॉटेलात घेऊन गेले, चिनी जेवायला. आत इतका गारवा की आईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. चपला बाहेर काढायच्या का, असं तिनं दरवानाला विचारलं, आणि तो मिशाळ माणूस अदबीनं म्हणाला, "नक्को अम्मा, पहनकेच जाओ." दाजींनी डिमसम मागवले, सगळे बिनमांसाचे, दोनदा विचारून. बांबूच्या झाकणाच्या टोपल्या आल्या, एकावर एक. वेटरनं झाकण उचललं, वाफ वर आली आणि आई खुर्चीतून अर्धी उठलीच.

"अगं माय! हे तर दिंड!"

नागपंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, तळत नाहीत. पुरण भरून कणकेचे दिंड करायचे आणि पातेल्यावर चाळणी ठेवून उकडायचे. पंचमी लेकींची. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, दिंड खातात. ताई मात्र बरीच वर्षं आली नव्हती. कधी दिवस राहिलेले म्हणून, कधी गर्भ पडला म्हणून.

"पुरण नाही यात, कोबी आहे," मी म्हटलं.

"असू दे. उकडलंय ना? तूप आणायला सांगा हो जावईबापू." वेटरनं काळा सॉस पुढे केला. आईनं तो वास घेऊन बाजूला सारला. मग तिनं ताईकडे पाहिलं आणि एकदम लहान मुलीसारखं तोंड पुढे केलं. "चूल तुझी नाही, पण हात तर तुझा आहे. भरव मला. पंचमी झाली म्हणायची आपली."

ताईनं हातातल्या जेवायच्या चिनी काड्या खाली ठेवल्या. एक डिमसम बोटांनी उचलला, फुंकर घातली, आईच्या तोंडात दिला. आई डोळे मिटून चावत होती. "पुढच्या पंचमीपर्यंत लेकरू होऊ दे. तुझ्या घरी मीच दिंड करीन, दोघी मिळून खाऊ," ती म्हणाली.

ताईला ते सोसलं नाही. "आई, होणार नाही आता. कधीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या," असं ती बोलून गेली. शेजारच्या टेबलावरची माणसं मोठ्यानं हसत होती. दाजी टोपलीचं झाकण लावत होते, काढत होते.

आईनं घास गिळला. बराच वेळ ती ताईचा हात चोळत राहिली. मग म्हणाली, "गार व्हायलेत. खाऊन घ्या." कोणी काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी होती. सकाळी आई अंघोळ करून आली ती सरळ स्वयंपाकघरात पाटावर बसली. "भाकर टाक बाई माझ्यासाठी. भूक लागलीय."

ताईनं ज्वारीचं पीठ मळलं. अशी भाकरी थापली तिनं, अशी फुगली ती, की मला वाटलं, देव पावला! ताटात भाकरी, पिठलं, चटणी. आईनं तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, उचलला.

आणि ताईनं तिचं मनगट धरलं.

"नको आई."

"अगं, तूच तर..."

"नको. तू खाल्लंस की संपलंच सगळं." ती तेव्हा रडली. इतक्या दिवसांचं रडली. "थांब ना अजून थोडी. डॉक्टर काय, चुकतात."

आईनं तो तुकडा परत ताटात ठेवला. हात धुतला तोही आपल्या फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यानं. "बरं. पुढच्या खेपेला खाईन," म्हणाली. ते ताट मग मी जेवले, मला बंधन नव्हतं. सगळं संपवलं.

त्यानंतर आई पुष्कळदा हैदराबादला गेली. ताईचे केस पिकले तरी जात राहिली. दर वेळी ताई विचारायची, "जेवतेस का?" आणि आई म्हणायची, "बाळ होऊ दे, मग." मग दोघी बाहेर जेवायला जायच्या.

आई गेली तेव्हा तेराव्याला बायका कुजबुजत होत्या, म्हातारी भारी हट्टी, लेकीच्या घरचं पाणी शेवटपर्यंत प्यायली नाही. मी तोंड उघडणार होते. ताईनं माझा हात दाबला. "म्हणू दे," ती म्हणाली. "एक तीच होती वाट बघणारी."