झिरा आणि मंदावहिनी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि माझ्या पोटात एखादी गोष्ट अठरा वर्षं राहिली, यावर आमच्या घरात कोणी विश्वासही ठेवणार नाही. मी पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की मला मधोमध बसवतात अन् म्हणतात, काका, सुरू करा. मी सुरू करतो. थांबवायला मात्र बायको लागते.

त्यात सगळ्यात जास्त मागणी झिऱ्याच्या किश्शाला. तो किस्सा खोटा आहे. म्हणजे झिरा, तो जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचा खड्डा, खरा आहे, पाणी खरं आहे, ते पिऊन आमची पाच पोरं त्या दिवशी तरली हेही खरं. खोटा आहे तो मी. आणि त्या खोट्यापायी माझ्या थोरल्या वहिनींचं, मंदावहिनींचं, एकटीनं घराबाहेर पडणं गेलं. सगळ्यांच्या हसण्याहसण्यात गेलं. पण थांबा — इतक्या घाईनं सांगितलं तर मी फारच सरळ माणूस वाटेन.

आधी आमच्या कॅम्पाचं सांगू द्या. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो अभिमान तरी खरा आहे. पिंपळगाव रेणुकाई मागं टाकून डोंगराकडं गेलं की जंगलात एक मोकळी जागा लागते. चार सपाट केलेले चौकोन, तीन दगडांची चूल, गंजलेली एक पाटी. बस्स. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही, मोबाइलला रेंज आजही नाही. गार्डाकडं पावती फाडायची आणि आपलं आपण राहायचं. आम्ही मूळचे जाफराबादकडचे शेतकरी; दोघं भाऊ नोकरीधंद्याला जालन्यात आलो, वडलांना, म्हणजे आबांनाही घेऊन आलो. मी तेहेतीस वर्षांचा असताना या जागेचं कुठंतरी वाचलं आणि घरात जाहीर केलं की संक्रांतीनंतर सगळ्यांनी तिथं राहायचं. आबा माझ्याकडं असे बघत राहिले, जसं मी तुरुंगात जाऊ म्हणत होतो.

"आमचा जन्म गेला राखणीला मचाणावर निजण्यात," ते म्हणाले. "अन् तू पावती फाडून रानात निजायला चालला? शहाणा हायेस."

तरी आले. आणि तेव्हापासून आमचं घर दर जानेवारीत तिथं जातं. पहिल्या वर्षी आमचा तंबू म्हणजे कापसाच्या गंजीवर टाकायची ताडपत्री होती. आता चांगले तंबू आहेत, पण मी अजून ताडपत्रीतच झोपतो, कारण लोकांनी बघावं असं मला वाटतं. आमच्या घरातल्या पोरींना वारा बघून चूल कुठं मांडायची ते कळतं, खड्डा कुठं खणायचा आणि निघताना कसा बुजवायचा ते कळतं. आम्ही निघालो की तिथं राखेचा डागसुद्धा राहत नाही. जालन्यात अशी किती घरं असतील? सांगा ना.

आता तो किस्सा, मी सांगतो तसा. पहिल्याच वर्षी तिथं पोचल्यावर कळलं की पाणी नाही. जीपवाला आम्हाला सोडून गेलेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार. गाव दोन तास खाली. पोरांच्या घशाला कोरड. दादा कळशी घेऊन गावाकडं निघाला. तेवढ्यात मंदावहिनी गायब! पोरं हाका मारून राह्यली, आबा कावले. मंग मी उठलो. जमिनीला नाक लावलं (इथं मी खरोखर सतरंजीला नाक लावतो), ओलीचा वास घेतला, मुंग्यांची रांग पाहिली, आणि उतरत उतरत थेट उंबराखालच्या झिऱ्यावर! आणि तिथं कोण? वाट चुकून रडत बसलेल्या वहिनी! मग मी वहिनींचा आवाज काढतो, "भाऊजीऽ, मला घरी न्या होऽ" — आणि पोरं गडाबडा लोळतात.

वहिनी पण हसतात. दर वर्षी. पदर तोंडाला लावून.

या किश्शावर मी बरंच कमावलं आहे. दोन ओळखीच्या माणसांनी बोअरची जागा दाखवायला मला शेतात बोलावलं होतं. दोन्ही वेळा माझी कंबर दुखत होती.

आणि खरं काय झालं?

पाण्याचे दोन मोठे कॅन माझ्याकडं होते. ती जबाबदारी मीच मागून घेतली होती, मोठ्या आवाजात. घराला कुलूप लावताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून कॅन ओट्यावर ठेवले — आणि ते ओट्यावरच राहिले. दोरी आणली, विजेरी आणली, मच्छरदाणी आणली, एक शिट्टीसुद्धा आणली. पाणी जालन्यात. आबांना हे कळलं तेव्हा ते फार बोलले नाहीत. त्यांनी फक्त शिट्टी मागून घेतली, ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हिच्यात किती मावतं?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण कान तापले होते. ते तापलेले कान लक्षात ठेवा. समर्थन म्हणून नाही, नुसतं माहीत असावं म्हणून.

मी वहिनींना शोधायला गेलो, हे खरं आहे. बराच वेळ भलतीकडं फिरून परतलो, तर कॅम्पापासून पन्नासेक पावलांवर, सीताफळीच्या झुडपांमागं त्या मला समोरून येताना भेटल्या. रडत नव्हत्या. पिठाचा रिकामा डबा घेऊन गेल्या होत्या, तो पाण्यानं काठोकाठ भरलेला, डोक्यावर. पदर ओला, पावलांना चिखल. चाल अशी की थेंब सांडत नव्हता.

"भाऊजी, पाणी हाय," त्या म्हणाल्या. "रोह्यांच्या वाटा पाहिल्या. दोन-तीन वाटा एका जागी मिळून खाली चालल्या होत्या, म्हणलं इतकी जनावरं उगं कशाला उतरतील? उंबर हाय तिथं. गाळ काढला थोडा, मंग निवळायला थांबले, म्हणून टाइम लागला."

रोही म्हणजे नीलगाय. वहिनींचं माहेर डोंगरातलं, लहानपणी शेळ्यांमागं फिरलेल्या. झिऱ्याकडं जायला त्यांना बारा मिनिटंच लागली होती म्हणे. बाकी सगळा वेळ पाणी स्वच्छ व्हावं म्हणून गेला होता. पोरांनी गढूळ पिऊ नये म्हणून.

मी काय केलं? मी म्हणालो, "आबा फार चिडलेत. द्या इकडं, मी पुढं होतो, त्यांना शांत करतो. तुम्ही जरा मागून या." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. विश्वासानं दिला हो — दिराच्या हातात डबा द्यायला विचार कशाला करायचा?

पन्नास पावलं. तेवढ्यात माझ्यातला शूरवीर तयार झाला. मी झुडपांतून बाहेर पडलो, डबा वर धरला आणि ओरडलो, "सापडलं!" पोरं धावली. आबांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, माझ्या पाठीवर थाप मारली. आबांची थाप. ती मला तेहेतीस वर्षांत दुसऱ्यांदा मिळत होती. मग त्यांनी विचारलं, "अन् मंदा?" आणि माझं तोंड — ते कधी थांबलंय? — म्हणालं, "त्या वाट चुकल्या होत्या. झिऱ्यापाशी सापडल्या." वहिनी तेवढ्यात मागून आल्याच. आबांनी ओला पदर पाहिला. मी म्हणालो, घाबरून घसरल्या.

वहिनींनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग पदर पिळला आणि चूल पेटवायला बसल्या.

तुम्ही म्हणाल, त्या बोलल्या का नाहीत? हा प्रश्न मला विचारू नका. म्हणजे तो माझ्या बाजूचा प्रश्न नाही. बोलायचं मी होतो.

आणि गंमत ऐका. झिरा मी शोधलेला, म्हणून दर वर्षी पोरांची रांग घेऊन तिथं मीच पुढं चालणार. आणि मला ती वाट आजही नीट येत नाही! सगळी झुडपं सारखी. एका जागी तीन वाटा फुटतात, तिथं मी थांबतो, तज्ज्ञासारखा वास घेतो — आणि रांगेच्या शेवटून वहिनी खोकतात. एकदा खोकल्या तर डावीकडं. दोनदा खोकल्या तर सरळ. हे आमच्यात कधी ठरलं नाही. दुसऱ्या वर्षी मी पोरांना घेऊन भलतीकडं निघालो होतो, तेव्हा त्या खोकल्या, आणि तेव्हापासून खोकतात. ज्यानं आपल्याला वाट चुकणारी ठरवलं त्याला सतरा वर्षं वाट दाखवायची, आणि ती पण त्याची अब्रू राखून! मला त्यांचा किती अभिमान वाटतो हे मी कुठं बोलू? जे कारण सांगून बोलायचं, तेच माझ्या तोंडावर दगड आहे.

घरात मात्र 'मंदा चुकते' हे पक्कं झालं. बाजारात जायचं तर कोणीतरी सोबत. माहेरी जायचं तर एसटीत बसवून कंडक्टरला सांगायचं, ह्यांना उतरवून द्या. यंदाच्या जानेवारीत त्यांच्या सात वर्षांच्या नातीनं झिऱ्याकडं निघताना त्यांचं बोट पकडलं आणि म्हणाली, "आजी, मला सोडू नको हं. तू हरवतेस." वहिनींनी बोट दिलं. त्या वाटेवर, जी त्यांच्याशिवाय आमच्यात कोणालाच येत नाही. मी पुढं होतो. त्या दिवशी मला वास घेणं जमलं नाही. नुसता उभा राहिलो. मागून खोकला आला. एकदा.

पण हेही मी कदाचित पोटात ठेवलं असतं. किस्सा होता, पोरांसाठी होता, असं म्हणून चाललं असतं. जे चालत नाही ते वेगळंच आहे, आणि ते जंगलात झालेलं नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरून राह्यलो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

त्या पहिल्या कॅम्पानंतर दोन वर्षांनी बदनापूरला मुलींच्या एका वसतिगृहात शिवण शिकवायला बाई हवी होती. वहिनींचा हात शिवणात असा की माझ्या बायकोच्या लग्नातले ब्लाऊज त्यांनी शिवले, ते अजून उसवलेले नाहीत. त्या स्वतः चौकशी करून आल्या होत्या. सकाळी जालन्याहून गाडी, संध्याकाळी परत; अर्ध्या तासाचाही प्रवास नाही. गाड्यांच्या वेळा त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून आणल्या होत्या. दादा तयार होता. रविवारी दुपारी आम्ही तिघं बाप-लेक जेवायला बसलो असताना दादानं विषय काढला. वहिनी वाढत होत्या. चिठ्ठी कमरेला खोचलेली होती, तिचं टोक मला दिसत होतं.

आबा म्हणाले, "बिलकुल न्हाई. झिऱ्यापासून चुलीपातूर जिला रस्ता घावला न्हाई, ती रोज रेल्वेनं जाणार?" मग आबा न्यायी माणूस, म्हणून माझ्याकडं वळले. "तुलाच सापडली होती ना रे ही? तू सांग. जाईल का बराबर? तू हो म्हणला तर माझी ना न्हाई."

सगळे माझ्याकडं पाहत होते. वहिनींनी वरणाची पळी वर धरली होती, तशीच. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती. त्या नुसत्या थांबल्या होत्या, जसं झिऱ्याचं पाणी निवळायला थांबल्या असतील. एक वाक्य पुरेसं होतं. त्या दिवसाचं खरं सांगायचीही गरज नव्हती. 'जातील की' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ते म्हटलं तर आबा किश्शाबद्दल विचारतील का, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी म्हणालो, "अवघडच हाय, आबा," आणि वाटी पुढं केली.

वहिनींनी वरण वाढलं. मी ते भातावर कालवलं, आणि पोटभर जेवलो.